भीती ब्याऐंशी टक्के

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला प्रत्येकाने आपापला प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, सोबत आणायचा ही पद्धत मिरजेच्या त्या कॉलेजात अजून टिकून होती. बाकीच्यांनी मित्रमैत्रिणी आणल्या. सदुसष्ट वर्षांच्या दिगंबर आठल्यांनी थोरल्या बहिणीला आणले.

"दिगू, हे काय बांधतोस कपाळाला? बाशिंग?" बयोअक्काने विचारले. शेजारच्या टेबलावर हसू फुटले.

"भावपट्टी आहे, अक्का. नाडी, घाम, मेंदूतल्या लहरी मोजते आणि मनात काय चाललंय ते सांगते."

"मग तू काय करणार?"

दिगंबररावांनी पट्टीचा बंद आवळला. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर केवळ हौसेने ते बी.एस्सी.ला बसले, तेव्हापासून हाच प्रश्न त्यांना छळत होता. या प्रात्यक्षिकात ते दोनदा नापास झाले होते. आज शेवटची संधी.

प्रयोग स्मरणाचा होता. पडद्यावर बारा निरर्थक शब्द आले. 'झिप, लोम, तुक' करत अक्काने ते जात्यावरच्या ओवीच्या चालीत घोळवले आणि अकरा बिनचूक सांगितले. पट्टीने नोंद दिली: भीती ब्याऐंशी टक्के.

नोंद उतरवली की काम संपत होते. पण दिगंबररावांनी अभ्यास केला होता रद्दीत मिळालेल्या एका जुन्या प्रयोगपुस्तिकेवरून. तिच्यात शेवटी 'प्रयुक्ताचे मनोगत' असा रकाना होता. पट्टी आल्यावर तो अभ्यासक्रमातून गेला, हे ते सवयीच्या भरात विसरले.

"अक्का, कसं वाटलं?"

"कसं म्हणजे? चौथीत शाळा सुटली माझी. आज कुणीतरी परीक्षेला बसवलं. आनंदानं छाती नुसती धडधडतेय बघ!"

त्यांनी ते शब्दशः लिहिले. नेमक्या तेव्हाच परीक्षक डॉ. मुजावर टेबलापाशी आल्या.

"आठल्ये, हा रकाना आता नसतो. शिवाय पट्टी भीती म्हणते, तुम्ही आनंद लिहिलाय. खरं काय?"

पट्टीचं खरं, एवढे म्हटले की सुटका होती. दिगंबररावांनी अक्काकडे पाहिले. ती अजून ओठांतल्या ओठांत 'झिप, लोम' म्हणत होती.

"मॅडम, चुकत असेन मी... पण पट्टीला भावना शिकवल्या, तेव्हा नमुने कुणाचे घेतले होते?"

"इथल्याच मुलांचे. परीक्षा चालू असताना."

"मग इथे धडधडणारी प्रत्येक छाती घाबरलेलीच, असं ती शिकली. परीक्षेत खूश झालेला माणूस तिनं पाहिलाच नसेल."

डॉ. मुजावर शेजारच्या टेबलाकडे वळल्या. तिथल्या तेजल नावाच्या प्रयुक्त मुलीची नोंद होती: भीती एकोणऐंशी.

"तुला काय वाटलं गं?"

"मला? सगळे शब्द आठवले, नाचावंसं वाटत होतं. पण पट्टी भीती म्हणाली. म्हटलं, मी घाबरलेच असेन."

मग हॉलमधल्या एकेका टेबलावरून "कसं वाटलं?" असे दबके आवाज येऊ लागले, मागोमाग हशाही. डॉ. मुजावरांनी दिगंबररावांच्या वहीवर सही केली.

"पास झाला का आमचा दिगू?"

"झाले, अक्का. पण आता या पट्टीला आनंद शिकवायचा, तर नमुने आणायचे कुठून?"

सोडायला घेतलेली पट्टी अक्काने पुन्हा कपाळावर घट्ट बसवली.

"मी बसते की! पुढची परीक्षा कधी आहे?"