नळीतली गोळी

“त्या बंदुकीला हात लावू नकोस, सिल्वी! एकदा लावलास तेवढा पुरे झाला!” रानातून नुकतेच परतलेले सासरे आर्वो पडवीतून गरजले, आणि सिल्वीच्या काळजात नेहमीची कळ उठली... एक बार झाला की पुढची गोळी आपणच नळीत ओढून घेणारी ती जुनी बंदूक हरणांच्या हंगामात घरात कधी येत नसे. आमच्या मिशिगनच्या खाणवस्तीत थंड लोखंड उबेत आणले की त्याला घाम फुटतो नि गंज चढतो, म्हणून ती पडवीतच खुंटीवर राही.

त्याच खुंटीवरून धाकट्या दिराने, विल्होने, एकदा ती पुसायला घेतली होती. बार उडाला. उजवा पंजा गेला! “तेल घालताना गोळी मीच विसरले,” असे सिल्वीने आपणहून सांगितले, आणि नवरा खाणीत दगावल्यावरही या घरात ती अपराधिनी म्हणून राबत राहिली. विल्होने तर तिच्याशी बोलणेच टाकले होते.

“गोळ्यांचा खोका काढलाय. रिकामी आहे,” हातमोजे झटकत आर्वो म्हणाले. वस्तीतल्या निम्म्या पोरांना बंदूक धरायला शिकवलेला माणूस! शेजारी उभ्या विल्होने ती पुसायला घेण्यासाठी डावा हात पुढे केला.

सिल्वीला राहवेना. तिने बंदूक हिसकावली, तोंड अंगणातल्या बर्फाकडे केले आणि नळीखालचा दांडा मागे दाबला. टणकन एक गोळी फळ्यांवर पडली!

“खोका काढला तरी एक नळीत राहते, बाबा...”

विल्होचा चेहरा पांढराफटक पडला. “बाबा, त्या दिवशीही रानातून तुम्हीच आला होतात ना? वहिनी, खरं सांग!”

“तेल मी घातलंच नव्हतं रे...” सिल्वीच्या डोळ्यांना धारा लागल्या.

आर्वो मटकन बाकावर बसले. “आणि मी हिला उठता-बसता टोचून बोललो! अगं, तेव्हाच का नाही बोललीस?”

“जीव दिला असतात तुम्ही, बाबा.”

“आणि मी? इतकी वर्षं तुझा राग राग केला, वहिनी... तो चालला तुला?”

“तुझा हात गेलाच होता, विल्हो. बापही गेला असता. राग धरायला कुणीतरी लागतंच ना घरात, मग मी होते!”

विल्होने आपले थोटे मनगट तिच्या खांद्यावर टेकवले आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. त्या क्षणी आर्वोंकडे मात्र कुणीच पाहिले नाही. म्हातारा बाकावर एकटाच हुंदके देत होता.