उसना निबंध

चौसाळ्याच्या गिरणीत मंगल ज्वारीचा डबा नंबरला लावून उभी होती. मागून कुणीतरी जोरात शिंकलं, आणि पिठाचा ढग तिच्या ओढणीवर येऊन बसला.

"माफ करा हं..."

तिनं वळून पाहिलं. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. "असू द्या बाबा, सावकाश," ती म्हणाली. मग त्या पिठाखालचे डोळे पाहिले – पंचविशीतले – आणि जीभ चावली. शाळेत नवे आलेले, कडा गावचे आदिनाथ सर होते ते.

"बाबा कसला! अजून लग्नबी न्हाई झालं माझं," सर म्हणाले, आणि हे का सांगितलं म्हणून स्वतःच लाजले.

ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांची वीस पोरं गावातल्या वसतिगृहात राहायची. मंगल त्यांचा संध्याकाळचा अभ्यास घ्यायची. हे कळताच सर म्हणाले, "म्हणजे ते निबंध तुमच्या पोरांचे? लई सुंदर लिवतेत!"

तिथंच खरं सांगायचं होतं. फोनमधल्या एआयला सांगितलं की तो वीस पोरांना वीस निबंध द्यायचा, पोरं ते वहीत उतरवायची. एकट्या मंगलला तेवढंच सोपं पडायचं. पण कौतुक गोड लागतं, त्यातून असल्या डोळ्यांतलं...

"पोरंच हुशार हायेत," ती म्हणाली.

मग वह्या परत द्यायच्या निमित्तानं सर वसतिगृहात येऊ लागले. वह्या दहा मिनिटांत संपायच्या, सर तासभर बसायचे.

"सर, तुमाला घर न्हाई का?" ती विचारायची.

"हाय की. पण तिथं असं विचारणारं कुणी न्हाई."

मंगल खुदकन हसायची. आणि सर गेल्यावर त्या वह्यांकडं बघायला तिला नको वाटायचं.

दिवाळीनंतर शाळेत पालकांची सभा भरली. आई-बाप कारखान्यांवर, म्हणून आज्याच जमल्या, आणि वसतिगृहातल्या पोरांसोबत मंगल. सरांनी नऊ वर्षांच्या सुरेखाला मोठ्या हौसेनं वाचायला उभं केलं.

"दिवाळीच्या पहाटे आई मला सुगंधी उटणं लावते. बाबा अंगणात आकाशकंदील लावतात..."

"अगं ये," तिची आजी बायनाबाई ओरडली, "तुजी माय चार दिस आदीच ट्रकात बसून गेली. कवा लावलं गं उटणं?"

सगळे हसले. सुरेखानं वही मिटली.

"खोटं कावून लिवलं, बाळा?" सरांनी विचारलं.

सुरेखानं मंगलकडं पाहिलं. नुसतं पाहिलं... आणि मंगलनं नजर खाली घातली. तिची स्वतःची आई अजूनही तोडीला जात होती. लहानपणच्या तिच्या दिवाळ्या उसाच्या फडावरल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत गेल्या होत्या. तरी तिनंच या लेकराला परक्याची आई वहीत लिहून दिली, आणि आता एकटीला उभं ठेवलं.

संध्याकाळी तिनं सुरेखाला जवळ घेतलं. "माजं नाव कावून न्हाई सांगितलंस?"

"सर तुमच्याकडं बघून हसतेत," सुरेखा म्हणाली. "मग हसले नसते."

मंगलच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. आपलं हसू राहावं म्हणून या पोरीनं सगळ्यांचं हसू सोसलं!

दुसऱ्या दिवशी ती भर वर्गात जाऊन उभी राहिली. "निबंध एआयचे हायेत. सुरेखाचा दोष न्हाई. अन् सर... तुमाला मी खोटं बोलले."

सरांचा चेहरा उतरला. ते आधी सुरेखापाशी गेले. "नीट न विचारता मी तुला खोटं ठरवलं. चुकलं माजं." मंगलकडं त्यांनी पाहिलं नाही.

आठ दिवस सर वसतिगृहात फिरकले नाहीत.

मंगलनं फोन फेकून दिला नाही. पण आता पोरांनी आधी स्वतः लिहायचं, अडलं तरच फोनकडं यायचं. स्वतःचं नाव-गाव त्याला सांगायचं नाही, त्यानं सांगितलेलं पुस्तकात ताडून बघायचं. आणि त्याला ती पोरांसमोरच बजावायची, "लिहून देऊ नकोस, नुसते प्रश्न विचार."

त्यानं सुरेखाला विचारलं, दिवाळीला तुझ्या घरी खरं काय झालं? सुरेखानं वाकड्या अक्षरांत लिहिलं – 'आईनं फोनवर सांगितलं तसं मी उटणं कालवलं. आजीला लावलं. आजीच्या डोळ्यात गेलं. आजीनं मला शिव्या दिल्या.'

नवव्या दिवशी सर ती वही घेऊन दारात उभे. "सतरा चुका हायेत हिच्यात."

"मग काढा की लाल पेन."

"न्हाई काढणार." सर थांबले. "राग समदा गेला न्हाई अजून. पण रागातबी पाय इकडंच वळतेत... मंगल, पट्टा पडला, तोडीचा हंगाम संपला, तुमचे आई-बाप कारखान्यावरून परत आले, की मागणी घालायला येऊ का?"

"मला तुमच्याकडं बघायची लाज वाटती, सर."

"मग खाली बघूनच सांगा. हो का न्हाई?"

मंगलनं पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं. उंबऱ्याकडं पाहिलं. सरांच्या धुळीनं भरलेल्या चपलांकडं पाहिलं. लाज होती, तशीच होती. पण असं खाली बघून तिनं एकदा एका लेकराला एकटं पाडलं होतं.

तिनं मान वर केली, आणि सरांकडं सरळ बघत म्हणाली, "हो."