मनगटावरचा घण

आमच्या लाडक्या बँडचे सगळे मोठे शो आम्ही जन्मायच्या आधीच होऊन गेले. यात आमचा काय दोष? पण स्पीकर दुरुस्त करणारे काका असं बोलतात, जणू आम्ही मुद्दाम उशिरा जन्मलो. शनिवारी रात्री त्यांच्या दुकानात आम्ही चार टाळकी जमतो. मी कॉलेज सोडलेला, बाकीचे सोडायच्या बेतात. वाद ठरलेला. पहिला अल्बम भारी की तिसरा.

"तिसऱ्यात ड्रम पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात," मी म्हणालो.

"अल्बममध्ये," काका म्हणाले. "लाइव्ह ऐकलेस का? छातीत बसायचे."

"कुठून ऐकणार? तुम्ही लोकांनी सगळं ऐकून संपवलंत."

"बघा, मिरच्या झोंबल्या." काका हसले. मग हसायचे थांबले. "जळ, पण बेतानं जळ. माझ्या ओळखीचा एक जण असाच जळायचा. आपला वेल्डर रे, बसथांब्यामागे गेट बनवतो तो."

शटर अर्धं खाली ओढून त्यांनी सांगितलं, ते असं.

वेल्डर आणि एक ट्रकड्रायव्हर, दोघे जिगरी दोस्त. बँडच्या मूळ ड्रमरचा शेवटचा शो तीस वर्षांपूर्वी झाला, तेव्हा दोघांनी तिकिटं काढली होती. निघायच्या दिवशी वेल्डरच्या बापानं त्याला खोलीत कोंडलं आणि बाहेरून कडी घातली. बापलोकांना दुसरं येतं काय? ड्रायव्हर एकटा गेला. जॅकेटमध्ये टेपरेकॉर्डर लपवून अख्खा शो भरून आणला. मनगटावर शिक्काही घेऊन आला. जांभळा घण, बँडचं चिन्ह. दारावरचा माणूस प्रत्येकाला म्हणायचा, "हात पुढे कर," आणि ठोकायचा. ड्रायव्हरनं तो हात पंधरा दिवस धुतला नाही. वेल्डरच्या नाकासमोर नाचवत फिरला.

कॅसेटची कॉपी त्यानं कुणालाच दिली नाही, वेल्डरला तर नाहीच. "तुला दिली तर उद्या सांगत सुटशील, मी पण होतो म्हणून."

वेल्डर तसंही सांगतच होता. बाहेरगावच्या फॅनमंडळींत गेली वीस वर्षं त्याचा मान त्या एका थापेवर उभा होता.

मागच्या वर्षी ड्रायव्हर गेला. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. "भावजी, ते कॅसेटचं खोकं घेऊन जा. मला बघवत नाही." वेल्डर स्कूटरवरून गेला. चहा प्यायला. वहिनींना धीर दिला, खोकं पायाशी ठेवलं आणि परत आला. साधं काम.

दुसऱ्या दिवशी बाहेरगावचे फॅन ती कॅसेट ऐकायला येणार होते. वेल्डरनंच बोलावलं होतं, तेही चहा संपायच्या आत.

रात्री पावणेबारा. वर्कशॉपचं शटर आतून बंद. वेल्डर एकटा. वर दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून ड्रायव्हरनं कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची दोन्ही नाकं मोडून ठेवली होती. वेल्डरनं त्या भोकांवर चिकटपट्टी लावली. आता भरता येणार होतं.

पाचव्या गाण्यानंतर ड्रमर थांबतो. मैदानावर अंधार होतो. दोन श्वास शांतता. नेमकं तिथे वेल्डरनं बटण दाबलं आणि माइकमध्ये ओरडला, "ए ड्रायव्हर, सरक की! मला दिसत नाहीये!"

टेप मागे घेतली. ऐकली. झकास. हा तिथे नव्हता, असं कोण म्हणेल?

खूश होऊन पुन्हा लावली.

"...मला दिसत नाहीये!"

मग एक श्वास. माइकच्या अगदी जवळ.

"आलास?"

वेल्डरनं बटण दाबून बंद केली. हे त्यानं भरलं नव्हतं.

मागे घेतली. लावली.

"आलास? ...चल मग."

बंद केली. बटण वर आलं. चाकं फिरतच राहिली...

गर्दीचा आवाज. स्पीकरमधून नाही. शटरबाहेरून. हजारो पाय.

मग काहीच नाही.

मग... अगदी शेजारी...

"हात पुढे कर."

काका तिथेच थांबले आणि स्पीकरचा स्क्रू पिळू लागले.

"पुढे?" मीच विचारलं.

"पुढे काय! सकाळी शेजाऱ्यांनी शटर तोडलं. शुद्ध नव्हती. दुपारी फॅन आले. विचारलं, तू होतास ना त्या शोला? तर म्हणाला, नव्हतो, बापानं कोंडलं होतं. तेव्हापासून हेच म्हणतो. फक्त डाव्या हातातला हातमोजा काढत नाही. जेवतानासुद्धा."

"थापा," मी म्हणालो.

पण घरी जाताना भीती वाटली नाही. जळफळाट झाला. त्याला मिळालं. मेलेल्या माणसाकडून का होईना, तीस वर्षांनी कुणीतरी त्याला आत घेतलं. आम्हाला कोण घेणार?

सोमवारी सायकलचा स्टँड जोडायच्या निमित्तानं वेल्डरकडे गेलो.

"मामा, तो मोजा काढा."

"कशाला?"

"बघायचंय."

"तू नव्हतास ना तिथे?" तो म्हणाला. काका हेच वाक्य टोमण्यासारखं मारतात. यानं तसं नाही म्हटलं. "मग सुटलास. जा घरी."

मला सुटायचं नव्हतं. मी त्याचा हात धरला आणि मोजा ओढून काढला.

जांभळा घण. आत्ताच ठोकल्यासारखा. ओला. माझा अंगठा त्यावर टेकला.

घरी येऊन अंगठा साबणानं धुतला, मग थिनरनं. डाग तसाच. ओला. मग धुवायचं सोडून दिलं.

आता शनिवारी दुकानात मी तो हात टेबलावर ठेवून बसतो, सगळ्यांना दिसेल असा. काका बघतात. मग आपली खुर्ची जरा मागे सरकवतात.