डाव्या ड्रमवरची फुली

"सापडला! चोर सापडला!"

वकीलबाईने पॅकिंगवाल्या मावशींच्या पिशवीतून एक खाकी कागद ओढून काढला आणि सगळ्यांसमोर नाचवला. "हा बघा मामा, हरवलेल्या पार्सलचा पत्ता! ढळढळीत पुरावा!"

वकीलबाई म्हणजे मामाची बारा वर्षांची भाची. वाद घालण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे, म्हणून हे नाव. सुट्टी लागल्यापासून ती, तिचा मामेभाऊ शंकासुर आणि तिची धाकटी बहीण शेपूट अशा तिघांनी मामाच्या कंपनीत ठाण मांडलं होतं. आणि कंपनी काय साधीसुधी? पार्सलं पोचवायला मामाने चक्क एक निवृत्त लढाऊ विमान विकत घेतलं होतं! 'आवाजाच्या आधी पार्सल!' अशी भलीमोठी पाटी शेडवर झळकत होती. विमान अकरा मिनिटांत पलीकडच्या गावी उतरायचं हे खरंच होतं. पण तिथल्या धावपट्टीपासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत पार्सल सायकलवरून जायचं आणि त्याला दोन तास लागायचे, हे मात्र पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

पंखांखाली दोन ड्रम होते. पूर्वी त्यांत जादा इंधन असायचं, आता पार्सलं असायची. ड्रम भरला की त्यावर खडूने फुली मारायची. पलीकडचा कारकून फुली दिसेल तोच ड्रम उघडायचा आणि मग फुली पुसून टाकायचा. एरवी उजव्या ड्रमवरच काम भागायचं. पण सोमवारी निघालेली पाच पार्सलं कुठे गडप झाली, कळेना! त्यात एका आजोबांचं कानाचं मशीनही होतं. ते बिचारे रोज फोन करून ओरडायचे आणि मामा काय सांगतोय ते त्यांना ऐकूच यायचं नाही.

"अहो, तो कागद फाटला होता, म्हणून मी पार्सलला नवा लावला," मावशी म्हणाल्या. "जुने कागद मी घरी नेते, कपाटात अंथरायला."

"मग पार्सल कुठंय?" वकीलबाईने कमरेवर हात ठेवून विचारलं.

मामाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मावशी, उद्यापासून येऊ नका." मग तो भाचीकडे वळला. "शाब्बास! भाची असावी तर अशी!"

"पण बाबा, चोरी करणारा माणूस पुरावा आपल्याच पिशवीत कशाला ठेवील?" शंकासुराने विचारलं.

"तू गप रे!" वकीलबाई खेकसली. मावशी मुकाट्याने आपला डबा पिशवीत भरू लागल्या.

तेवढ्यात बाहेरून शेपटाची हाक आली. काठीने विमान बडवायचा तिचा उद्योग चालू होता. "ताई! उजवा ड्रम टण्ण वाजतो आणि डावा ढब्ब! असं का गं?"

सगळे धावले. विमान उडवणाऱ्या कप्तानकाकांनी डाव्या ड्रमचं दार उघडलं. आत पाच पार्सलं सुखाने बसली होती!

"म्हणजे सोमवारपासून ही सहा वेळा तिकडे जाऊन सहा वेळा परत आली!" शंकासुर ओरडला. "काका, तुम्ही एकदाही बघितलं नाहीत?"

कप्तानकाकांनी मिशी खाजवली. "अरे, हवाई दलातल्या माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत पंखाखाली लावून नेलेलं काही परत यायचंच नाही! त्यामुळे उतरल्यावर तिथे बघायची सवयच नाही मला."

मामा मावशींकडे वळला. "म्हणजे फुली मारायला तुम्हीच विसरलात!"

मावशींनी एकदाच वकीलबाईकडे बघितलं.

वकीलबाईला एकदम आठवलं. सोमवारी मावशींना फोन आला होता. "एवढी पाच पार्सलं डावीकडे ठेव आणि फुली मार हं बाळ," असं म्हणून त्यांनी खडू तिच्याच हातात दिला होता. पार्सलं तिने ठेवली, दारही लावलं. मग शंकासुराला म्हणाली, "माझा फोटो काढ!" आणि फोटोच्या नादात... तो फोटो मामाने कौतुकाने ऑफिसच्या फळ्यावर लावला होता. कप्तानांचं हेल्मेट घालून ती ऐटीत उभी आहे, हातात खडू आहे आणि मागे डावा ड्रम कोरा!

गप्प बसली असती तर मावशींखेरीज कुणालाच कळलं नसतं. पण ती ऑफिसात गेली आणि फोटो घेऊन आली.

"मामा, हे बघा. मीच विसरले. आणि मावशींना सगळ्यांसमोर चोर म्हणाले," ती कशीबशी बोलली आणि हमसाहमशी रडू लागली.

मामाने हात जोडले. "मावशी, चुकलो मी. पोरीचं ऐकलं, तुम्हाला धड विचारलंही नाही. कामावर या."

"शेपटाचे कान तल्लख!" कप्तानकाका म्हणाले. "आणि वकीलबाई, आपल्याच विरुद्ध पुरावा आणलास. शाब्बास!"

ही शाब्बासकी तिला नकोशी झाली. मामा फोटो खिशात घालू लागला, तशी ती म्हणाली, "राहू दे मामा. फळ्यावरच लावा."

मावशींनी पिशवीतला डबा पुन्हा कोनाड्यात ठेवला आणि खडू तिच्यापुढे धरला. "घे. आजोबा वाट बघतायत."

तिने डोळे पुसत खडू घेतला. फुली वाकडी आली.

"दिसतेय ना? मग झालं तर," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी ड्रमचं दार नीट लागलंय का ते पुन्हा एकदा ओढून बघितलं.