गुरुवारचे दोन तास

ये, आत ये. कडी घाल. वरचीसुद्धा. चहा ओतलाय, साखर तुझी तू घाल. अडीच वाजलेत ना? मग वेळ आहे. आणि हो, आधी ते छत्रीचं. मागच्या आठवड्यात तुला वाटेल तसं बोलले, माझी छत्री नेऊन हरवलीस म्हणून. चूक माझी होती. कुठे सापडली ते ऐकलंस की तुला वाटेल, मावशीला आता वेड लागलंय. वाटू दे. पाच वाजेपर्यंत इथून हलायचं नाही, एवढंच कर.

माझे सर तुला आठवतात? लहानपणी एकदा तुला त्यांच्याकडे घेऊन गेले होते. त्यांनी तुला विचारलं, "ही खुर्ची कोणी बनवली, माहीत आहे?" आणि तू भोकाड पसरलंस. तसेच होते ते. मार्क्सवादी, आणि तेही असे जहाल की पक्षानेसुद्धा कंटाळून काढून टाकलं. दोनदा तुरुंगात जाऊन आले, पाच जाडजूड पुस्तकं लिहिली, सगळी एकाच प्रश्नावर. कामगार आपला तास विकतो, तो तास जातो कुठे? सर म्हणायचे, कुठेही जात नाही. वस्तूत बसून राहतो. गवंडी मरतो, त्याचा तास भिंतीत उभा असतो. आपण भिंतीला टेकतो म्हणजे मेलेल्या माणसांना टेकतो. हे ते इतकं साधेपणाने सांगायचे की लिहिता लिहिता मी भिंतीपासून चार बोटं पुढे सरकून बसायची.

नजर गेल्यावर सर तोंडाने सांगायचे आणि मी लघुलिपीत उतरवून घ्यायची. दर गुरुवारी, तीन ते पाच, अकरा वर्षं. फुकट. चळवळीचं काम, नाही कशी म्हणणार? लघुलिपी ज्याची त्यालाच लागते. माझ्या रेघोट्या दुसऱ्या कोणाच्या बापाला वाचता यायच्या नाहीत. माझी पद्धत ठरलेली होती. वर तारीख, तिला गोल. मग फक्त सरांचे शब्द. मध्ये मी काही बोलले तर ते लिहायचं नाही, तिथे एक ओळ कोरी सोडायची. नवा मुद्दा काढायच्या आधी सर रिकामी काडेपेटी टेबलावर दोनदा आपटायचे. टक टक. सिगारेट सुटली, पण काडेपेटी सुटली नाही.

एकदाच धीर करून विचारलं, "सर, प्रस्तावनेत माझं नाव येईल का हो?"

"ते पुढच्या गुरुवारी घेऊ," सर म्हणाले. अडचणीचं काही निघालं की हेच उत्तर. पाच पुस्तकांत छापखान्यातल्या लोकांचे आभार आहेत, कागद गिरणीतल्या कामगारांचे आहेत. माझं नाव नाही. हसू नकोस. मला फार लागलं होतं ते. अजून लागतं.

सरांना जाऊन आता आठ महिने झाले. सहावं पुस्तक अर्धवट राहिलं, शेवटचं प्रकरण सांगायचंच राहून गेलं. या सोमवारी वहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला. प्रकाशक मागे लागलेत, वह्या तेवढ्या टाइप करून दे. मंगळवारी सकाळी गेले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्या घरी जातेय, अशी माझी समजूत.

वहिनींनी दार उघडलं. "अगंबाई, आज मंगळवारी कशी?"

"तुम्हीच नाही का बोलावलंत?"

"बोलावलं गं. पण म्हटलं, गुरुवारी येशीलच, तेव्हा बघशील. आणि ही घे आधी, मागच्या गुरुवारी विसरून गेलीस."

माझी छत्री. मुठीला मी गुंडाळलेली हिरवी चिकटपट्टीसुद्धा तशीच.

म्हटलं, "वहिनी, आठ महिन्यांत मी इकडे फिरकलेही नाही." त्या म्हणाल्या, "काहीतरीच काय! दर गुरुवारी तीनला येतेस, खोलीत जाऊन बसतेस, पाचला निघतेस. चहा आणून ठेवते तर तोही तसाच. हाक मारली तर वर बघत नाहीस. मी म्हटलं, दुःख आहे, लिहू दे बिचारीला."

मला वाटलं, वहिनींचं वय झालं, दिवसांचा घोळ होत असेल. पण मग छत्री? डोकंच चालेना. अगं, गुरुवारी दुपारी मी इथे असते, याच पलंगावर. जेवून आडवी होते ती पाच वाजून गेल्यावर उठते. उठल्यावर उजवा हात अवघडलेला असतो. कुशीवर झोपते म्हणून असेल, असं मी आपलं धरून चालले होते.

खोली होती तशीच होती. खिडकीखालच्या गॅरेजात पत्रा ठोकत होते. टाइपरायटरवर कापड, खुर्चीवर सरांची शाल, आणि ते गुडघ्यांना लावायचे त्या मलमाचा वास. आठ महिन्यांत जायला हवा होता की नाही? वह्या कपाटात त्रेसष्ट. नंबर मीच घातलेले. टेबलावर चौसष्टावी पडली होती.

उघडली. वर तारीख, तिला गोल. सर गेल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातली. अक्षर माझं. नाही म्हणायला जागाच नव्हती. 'तास' या शब्दाची खूण मी जरा तिरकी काढते, शिकताना लागलेली खोड. तीसुद्धा तशीच तिरकी.

वाचायला लागले. सुरुवातीला नेहमीचंच. मग एक कोरी ओळ, म्हणजे तिथे मी काहीतरी बोलले होते. आणि त्याखाली सर म्हणत होते, "बरोबर आहे तुझं. साऱ्या जगाच्या तासांचा विचार केला, समोर बसून लिहिणारीचे राहून गेले."

हे ऐकायला किती वर्षं कान आसुसले होते गं! खोटं कशाला सांगू, भीती नंतर वाटली. आधी आनंद झाला, डोळे भरून आले. शेवटचं प्रकरण तिथे पुरं झालेलं होतं, आणि ते लेखनिकावर होतं. माझ्यावर! सरांनी याहून चांगलं काही लिहिलेलं नाही. की ते मीच लिहिलं होतं? अकरा वर्षं एकाच माणसाचं बोलणं कानांत ओतून घेतलं, तर झोपेतही तेच हातातून उतरत असेल का? मला कळेना. अजूनही कळत नाही.

मग रिकाम्या खुर्चीकडे बघून मी मोठ्याने म्हणाले, "एवढं कळलंय, तर माझे तास परत द्या की, सर." अर्धी चेष्टाच. आणि पान उलटलं.

वर एक कोरी ओळ. खाली लिहिलेलं, पेन्सिलीनं, पण आत्ताचं नाही, बोट फिरवलं तरी पुसट होत नव्हतं: "परत देता येत नाहीत. बदली माणूस मिळालं तर सुट्टी देता येईल. ते पुढच्या गुरुवारी घेऊ."

पुढच्या पानावर गोलात आजची, या गुरुवारची तारीख. आणि माझ्या पाठीमागे टक टक. गॅरेजवाल्याचा हातोडा म्हणावं, तर तो बिचारा खाली हात पुसत उभा होता. मला खिडकीतून दिसत होता.

पाचावर धारण बसली माझी. वही पिशवीत कोंबली आणि वहिनींचा निरोपही न घेता घर गाठलं. ती बघ, फळीवर ठेवलीय. सकाळी पाहिलं, आजच्या तारखेखाली कोरंच आहे. म्हणून तुला बोलावलं. एकटी असले की डोळा लागतो. समोर कोणी जागं असलं, मी बोलत राहिले, की तीनची वेळ टळेल. एकदा टळली की सुटले. किती वाजले गं? घड्याळ माझ्या पाठीमागे आहे.

"पाच वाजून दहा."

भलतंच काय बोलतेस! आत्ता तर बसलो. चहा अजून...

साय धरली यावर. तुझ्या कपावरही. तू एक घोटसुद्धा घेतला नाहीस... मी बोलत होते ना? तू ऐकत होतीस ना?

"हो मावशी. म्हणजे... छत्रीचं ऐकलं. मग ती काडेपेटी..."

कडी बघ. आहे ना तशीच? मग वही इथे टेबलावर कोणी काढली? मी जागची उठले नाही... तू उठलीस?

उघड. तूच उघड, माझा हात अवघडलाय.

भरलंय... चार पानं भरलीत. या माझ्या खुणा, सरांचे शब्द. आणि मधल्या ओळी कोऱ्या नाहीत. हे साधं, गोल अक्षर कोणाचं?

"माझं आहे, मावशी. पण मी नाही... मी काहीच लिहिलं नाही."

बोट बघ तुझं. शिसं लागलंय.

म्हणजे मी बोलत होते आणि तू माझं बोलणं उतरवून घेत होतीस. अकरा वर्षांत माझा एक शब्द कोणी लिहून ठेवला नव्हता गं... काय म्हणाले मी? शेवटची ओळ वाच. मोठ्याने वाच.

"'सर, ही माझी भाची. हात जलद आहे. माझ्या जागी हिला घ्या.'"

नाही. नाही गं बाळा, मी असं म्हणाले नाही. मी असं म्हणेन का? तुला मी सोबतीला बोलावलं... सोबतीलाच बोलावलं ना? शप्पथ, मला काही आठवत नाही.

त्याच्या खाली? खाली सरांचं उत्तर आहे. दोनच खुणा आहेत... नाही, लागत नाहीत मला. अक्षर माझंच आहे, पण लागत नाही. बंद कर ती वही. बंद कर म्हणते ना.

आणि ऐक. पुढच्या गुरुवारी जेवण झाल्यावर आडवी होऊ नकोस.