कोळशाच्या बरगडीवरची जखम

पांढऱ्या हातमोज्यावर लाल डाग उमटला आणि डॉक्टरांनी हात पुन्हा एकदा फिरवून पाहिला.

नियम अगदी साधा होता. ड्रेसाजची, म्हणजे तालावर घोडा चालवण्याची फेरी संपली, की घोड्यांचा डॉक्टर पांढरा हातमोजा घालून घोड्याच्या तोंडावरून आणि दोन्ही बरगड्यांवरून हात फिरवतो. मोजा पांढरा राहिला तर गुण कायम. रक्त लागलं तर स्वार बाद, मग त्यानं घोडा संगीताच्या तालावर कितीही सुंदर चालवलेला असो.

कोळसा त्या सकाळी फारच सुंदर चालला होता. 'जागची चाल' म्हणजे जागेवरच ताल धरून पावलं उचलायची, ती त्यानं सलग पंधरा पावलं केली आणि पंचांनी सर्वांत जास्त गुण दिले. घोडा काळाकुळकुळीत असल्यामुळे डोळ्यांना रक्त दिसलंच नव्हतं.

"हे मी केलेलं नाही," स्वार मुलगी म्हणाली. रडली नाही, फक्त पांढरी पडली.

डॉक्टरांनी अहवाल लिहिला. डावी बरगडी, खोगिराच्या खालच्या कडेला अगदी लागून, बुटाच्या टाचेला लावतात त्या आरीनं झालेली ताजी जखम. खाली सही ठोकली. स्पर्धा समितीच्या चिटणिसांनी खोगीर पुरावा म्हणून खोलीत बंद करून दाराला कागद चिकटवला. चार वाजता बैठक. मुलीवर दोन वर्षांची बंदी येणार, हे सगळे धरूनच चालले होते. घोड्याच्या मालकानं तर जाहीरही करून टाकलं, की उद्यापासून कोळसा पुन्हा मुलीला शिकवणाऱ्या उस्तादाच्या हाती.

दुपारी ती मुलगी डॉक्टरांच्या खोलीत आली. डॉक्टर खुर्चीत सावरून बसले, चष्मा नीट केला. मुलगी त्यांना ओलांडून सरळ कोपऱ्यात शेंगदाणे खात बसलेल्या त्यांच्या मेहुणीसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्हीच ना त्या शोध लावणाऱ्या बाई? मला मदत कराल?"

डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. ही बाई वीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडत होती, आता स्वतःचं तपासाचं काम करत होती. सुट्टीला म्हणून बहिणीकडे आली होती. घरी बायको उठता-बसता बहिणीची आरती ओवाळायची. निदान घोड्यांच्या बाबतीत तरी आपला शब्द शेवटचा, एवढंच सुख डॉक्टरांना उरलं होतं. आता तेही गेलं.

"बस," मेहुणी म्हणाली. "सकाळपासून सांग. काही चुकल्यासारखं वाटलं?"

"काही नाही. सहाला मोतद्दारानं खोगीर चढवलं. मी आठपर्यंत आत तयारी करत होते. साडेआठला स्वार झाले. गुडघे जरा आखडल्यासारखे वाटले, पण ती भीती असणार."

"तू आर वापरतेस?"

"बोथट. नावाला. लगामसुद्धा सैल ठेवते. उस्तादांना ते आवडत नाही." ती थांबली. "ते कोळशाची मान दोरीनं छातीला बांधायचे. अर्धा अर्धा तास. तीन आठवड्यांपूर्वी मी म्हटलं, आता नाही बांधू देणार."

"मग?"

"मग काही नाही. ते रागावले नाहीत. फक्त रिंगणात यायचे बंद झाले."

मुलगी गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "मेहुणीबाई, जखम आरीचीच आहे. तिथं तुमची हुशारी चालायची नाही."

"भाऊजी, तुमच्या जखमेवर माझा पूर्ण विश्वास आहे," मेहुणी म्हणाली. "चला, जरा लोकांना भेटू."

मुलीची थोरली बहीण आपल्या घोड्याची शेपटी विंचरत होती. धाकटीपेक्षाही वीतभर उंच, आणि चेहऱ्यावर नुकतंच लिंबू चोखल्याचा भाव.

"माझ्यावर संशय असणार," ती आपणहून म्हणाली. "कोळसा आधी माझा होता. मालकानं काढून हिला दिला. मला राग आला का? आला. अजून आहे. ती फेरी संपवून बाहेर आली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते आणि माझे हात खिशातून निघत नव्हते."

"बोलता तरी बहिणीशी?"

"बोलते हो. सख्खी बहीण आहे, वैरीण नाही. पंधरा दिवसांपूर्वी तिचे गुडघे धरले, तेव्हा मीच म्हटलं, पायाची रिकीब एक भोक लांब कर. तिनं केली, पण कुणाला सांगू नकोस म्हणाली. उस्तादाला त्याच्या शब्दाबाहेर काही केलेलं खपत नाही."

मोतद्दार पागेत कोळशाच्या पायांना ओलं फडकं गुंडाळत होता. बुटका, रुंद खांद्यांचा, घोड्याच्या पोटाखालून न वाकता जाईल असा. त्यानं डॉक्टरांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अकरा वर्षं सांभाळतोय ह्याला," तो म्हणाला. "माझ्या पोरांपेक्षा जास्त. आणि आता ती पोरगी आली, की हा असा खिंकाळतो जसा काही मी इथं नव्हतोच."

"वाईट वाटतं?"

"वाटणार नाही का?" मोतद्दारानं फडकं पिळलं. "पण पूर्वी ह्याच्या ओठांचे कोपरे फाटलेले असायचे. बांबूच्या फोकांनी पायांवर वळ असायचे. उस्तादानं दोन वर्षं झोडलं, पण जागची चाल पाच पावलांपुढे गेली नाही. आता खाणं पुरं खातो. मग मी माझं वाईट वाटणं गिळतो."

"सकाळी खोगीर चढवल्यावर कुठं गेलास?"

"नंबर आणायला. रांग ही एवढी. चाळीस मिनिटं गेली. परत आलो तर कोळसा बांधला होता तिथंच होता, पण खोगिराखाली घाम. मला वाटलं, गर्दीला बिचकला असेल."

"रिकीब कितव्या भोकाला लावली होतीस?"

"आठव्या. पंधरा दिवस आठव्यालाच लावतो. पोरीनं सांगितलंय तसं."

मेहुणीनं मान हलवली. डॉक्टरांना वाटलं, हिला आता काहीच सुचत नाही म्हणून ही भोकं मोजत बसली आहे. त्यांना जरा बरं वाटलं.

उस्ताद सरावाच्या रिंगणाच्या कुंपणाला टेकून उभा होता. हा एके काळचा विजेता. ठेंगणा, ताठ, पायांत अजून चकचकीत बूट आणि त्यांच्या टाचांना दातेरी आरा.

"माझी शिष्या आहे ती," तो म्हणाला. "तिची बदनामी ती माझी बदनामी. मला काय फायदा?"

"खरंच, काहीच नाही," मेहुणी म्हणाली. "तुम्ही सकाळी किती वाजता आलात?"

"आठला. फेरीच्या आधी."

"तिच्या बसण्यात काही चूक दिसली?"

"बसण्यात चूक?" उस्ताद दुखावला. "तिची बैठक मी बसवली आहे. रिकीब सातव्या भोकाला, दोन वर्षं तसूभर हललेली नाही. चूक असेल तर मनात. घोडा धाकात राहतो, बाई. लाडानं चाललेला घोडा आज चालतो, उद्या नाही. तिला वाटतं तिला काहीतरी नवीन सापडलंय." तो हसला, पण ते हसू गालांच्या वर गेलं नाही.

साडेतीनला मेहुणीनं चिटणिसांना खोली उघडायला लावली. खोगीर लाकडी घोडीवर ठेवलं होतं. तिनं मुलीला त्यावर बसवलं. मुलीचे पाय लांबसडक, टाच खोगिराच्या कडेखाली चांगली वीतभर लोंबली.

"आणि जखम?" मेहुणीनं विचारलं.

"कडेला लागून," डॉक्टर म्हणाले. "तिनं टाच उचलून मारली असेल."

"एक वीत उचलून? पंचांच्या डोळ्यांसमोर?"

डॉक्टरांनी वाकून खोगिराची कड पुन्हा पाहिली. मेहुणी रिकिबीचा पट्टा उजेडात धरून पाहत होती. त्याला भोकांची रांग होती. भोक जितकं पुढचं, तितकी रिकीब लांब.

"वळ्या दिसतात? बक्कल बसून बसून कातड्याला पडतात तशा. मोजा, भाऊजी."

डॉक्टरांनी मोजलं. सातव्यापाशी खोल जुनी वळी. आठव्यापाशी फिकी. पाचव्यापाशी एकच बारीक, ताजी. आणि बक्कल सातव्या भोकात अडकवलेली होती.

डॉक्टरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "पाचवं! म्हणजे कुणीतरी बुटका माणूस स्वार झाला होता! मोतद्दार! अकरा वर्षांचा मत्सर!" आयुष्यात प्रथमच आपण मेहुणीच्या पुढे निघालो, असं त्यांना वाटलं.

"अर्धं बरोबर," मेहुणी म्हणाली. "उरलेलं बैठकीत."

चार वाजता समितीच्या लांब टेबलाशी सगळे जमले. चिटणीस, मालक, दोघी बहिणी, उस्ताद, आणि दाराशी टोपी हातात धरून मोतद्दार.

"डॉक्टरांचा अहवाल शब्दन्‌शब्द खरा आहे," मेहुणीनं सुरुवात केली. "त्यातच उत्तर आहे. जखम आरीची आहे आणि उंचावर आहे. लांब पायाच्या स्वाराची टाच तिथं पोचत नाही, ती वीतभर खाली जाते. आज सकाळी सहा ते सहा चाळीसच्या मध्ये, मोतद्दार रांगेत असताना, कुणीतरी आखूड पायाचा माणूस कोळशावर बसला. म्हणून खोगिराखाली घाम. म्हणून पाचव्या भोकाची ताजी वळी. थोरली बहीण ह्यात बसत नाही. तिला तर सहाव्यातही गुडघे हनुवटीला लागतील."

थोरलीनं पहिल्यांदाच धाकटीकडे पाहिलं.

"उरले दोघे. मोतद्दार आणि उस्ताद. उतरल्यावर त्या माणसानं रिकीब पुन्हा 'होती तशी' करून ठेवली. कुणाला कळू नये म्हणून. पण होती तशी म्हणजे कशी? मोतद्दारानं स्वतः आठव्याला लावली होती. त्यानं आठव्याला ठेवली असती. आता ती सातव्याला आहे. म्हणून तर मुलीचे गुडघे आखडले."

मोतद्दारानं मान वर केली.

"गेले पंधरा दिवस रिकीब आठव्याला आहे, हे त्या दोघांपैकी एकालाच माहीत नव्हतं. तो रुसून रिंगणाबाहेर राहिला होता. दुपारी त्यानंच मला मोठ्या अभिमानानं सांगितलं, सातवं भोक, दोन वर्षं हललेलं नाही. चढताना त्यानं बक्कल वर ओढली, कितव्यातून ओढली ते पाहिलं नाही. जे आपल्याला पाठ आहे ते कोण मोजत बसतं?"

मालक उस्तादाकडे वळला. "पण का? तुझीच शिष्या ना ती?"

"म्हणूनच," मेहुणी म्हणाली. "शिष्याकडून हार व्हावी अशी गुरूनं इच्छा करावी, असं म्हणायची पद्धत आहे. म्हणणं सोपं असतं. ह्यांचा बेत तिला अडकवण्याचा नव्हता, असं मला वाटतं. ह्यांना फक्त एकदा बघायचं होतं, की सरावात तिच्याखाली करतो तेवढी पावलं तो घोडा आपल्याखाली करतो का."

उस्तादानं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"चार पावलं केली," तो म्हणाला. "चार. मग थांबला आणि कान मागे पाडून उभाच राहिला. मी लगाम आवळला, टाच मारली, पुन्हा मारली. दोन वर्षं मी घाम गाळला त्याच्यावर. आणि ही पोर लगाम सोडून देते, तर तो तिच्यासाठी..." त्यानं बुटाची टाच जमिनीवर घासली. "रक्त इतकं नव्हतं. पुसलं. कुणाला दिसणार नाही वाटलं. मग मोज्यावर दिसलं, आणि तिचं नाव आलं, आणि मी गप्प बसलो. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?"

चिटणिसांनी अहवाल डॉक्टरांपुढे सरकवला. "दुरुस्ती करा. बंदीचा प्रश्नच मिटला. तुमच्या बारीक नोंदीमुळे उलगडा झाला, डॉक्टर. कमाल केलीत."

डॉक्टरांनी पेन उचललं. मेहुणी खिडकीबाहेर पाहत होती, ती एक अक्षरही बोलणार नाही हे त्यांना माहीत होतं. 'कमाल' हा शब्द कानात गोड वाजत होता. क्षणभर त्यांना उस्तादाचं ते गप्प बसणं आतून कळलं, आणि अंगावर काटा आला.

"नोंद माझी," ते म्हणाले. "वाचली हिनं. मी तर मोतद्दाराला फासावर चढवायला निघालो होतो." बोलताना तोंड कडू झालं, पण बोलून झालं.

मालकानं घसा खाकरला. कोळसा मुलीकडेच राहील, म्हणाला, आणि उस्तादानं पुन्हा पागेत पाऊल टाकायचं नाही. उस्तादानं मान हलवली. उठून दाराकडे निघाला, तेव्हा मुलगी त्याच्या वाटेत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं डॉक्टरांना वाटलं.

"उस्ताद, मला विचारायचं होतंत," ती म्हणाली. "तो माझ्याखाली कसा चालतो ते मी दाखवलं असतं. अवघड नाहीये. मी शिकवलं असतं तुम्हाला."

उस्तादानं तिच्याकडे पाहिलं.

"तेच तर नको होतं," तो म्हणाला, आणि तिला वळसा घालून बाहेर गेला.