मागच्या सीटचा भार

फेब्रुवारीतला शनिवार होता. क्लचची एक स्प्रिंग, हलक्या वजनांचा एक संच आणि माझी स्टीलची मोजपट्टी, एवढंच घेऊन मी सकाळी बॉबलिंगेनहून निघालो. दत्ताचं काम दोन-तीन तासांचं होतं. संध्याकाळी जेवायला घरी येतो, असं बायकोला, ऊर्मिलाला सांगितलं होतं.

दत्ता माझा कॉलेजातला मित्र, मूळचा सांगलीचा. अठरा वर्षं जर्मनीत आहे. गेली काही वर्षं तो श्वार्झवाल्डच्या डोंगराळ जंगलातल्या एका लहान गावात राहतो आणि तिथल्या डोंगरी बचाव पथकात हौसेनं काम करतो. बर्फात कोणाचा पाय मोडला, कोणी वाट चुकलं, की हे लोक स्नोमोबाइल घेऊन वर जातात आणि माणसाला मागच्या सीटवर बसवून खाली आणतात. पथकाची ती गाडी या हिवाळ्यात नीट चालत नव्हती. माझं सगळं आयुष्य गिअर आणि क्लचमध्ये गेलंय, म्हणून त्यानं मला बोलावलं.

"नेमकं होतं काय?" मी शेडमध्ये शिरताच विचारलं.

"मागून बसते. आणि जड पडते." दत्ता गाडीपासून चार पावलं लांब उभा होता. तो वाळला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. "वर जाताना ठीक असते. खाली येताना होतं."

"उलट सांगतोयस. भार चढावर येतो, उतारावर कसा येईल?"

"उतरताना मध्ये एक छोटा चढ लागतो. तिथे आरपीएम पडतात. मागे कोणी बसलं असावं तसे."

"क्लचमधली वजनं जड असतील, किंवा स्प्रिंग थकली असेल."

"गेनाऊ, बरोबर," तो म्हणाला. पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

मी क्लच खोलला. स्प्रिंग अजिबात थकलेली नव्हती, तरी बदलली, वजनंही हलकी घातली. मग मागचं सस्पेन्शन पाहिलं. गाडीवर वजन आलं की शॉक ॲब्सॉर्बरचा चकचकीत दांडा आत जातो. किती आत गेला ते मोजलं की गाडी किती बसली ते कळतं. रिकामी गाडी, तेव्हा दांडा अकरा सेंटीमीटर बाहेर होता. मी बसलो तेव्हा आठ. दोन्ही ठिकाणी मी मार्करनं बारीक रेघा ओढल्या. दोन माणसांचा भार गृहीत धरून मागच्या स्प्रिंगा थोड्या आवळल्या, पुन्हा मोजून पुन्हा रेघा ओढल्या: रिकामी साडेअकरा, मी बसून साडेआठ. सगळं पुस्तकात असतं तसं.

"चल, फिरवून आण," मी म्हणालो.

"तू जा. वरच्या हुटेपर्यंत, त्या लाकडी झोपडीपर्यंत जा आणि ये. एकच वाट आहे, चुकणार नाहीस." त्यानं माझ्या हातात वॉकीटॉकी दिला. "उतरताना छोट्या चढाच्या अलीकडे थांब. आणि मोज."

"तू का येत नाहीस?"

"मला तुझा आकडा हवाय, उत्कर्ष. माझा नको."

मला ते बोलणं विचित्र वाटलं, पण गाडीचा मोह मोठा होता. दुपारचे अडीच वाजले होते. वर जाताना गाडी अशी पळाली की मी एकटाच हसत होतो. वळणावर पुढचं टोक हवं तिथे जात होतं, खड्ड्यातून मागचा भाग अलगद निघत होता. हिवाळ्यात बंद असलेल्या त्या हुटेपाशी मी वळलो, तेव्हा दरीतून धुकं वर यायला लागलं होतं.

पाच मिनिटांत काहीच दिसेनासं झालं. आकाश, बर्फ, वाट, सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं. वाटेच्या कडेला रोवलेले लाल दांडे एकामागून एक समोर यायचे, तेवढाच आधार. मी गाडी अगदी हळू सोडली होती. डाव्या हाताला एक आडवा खडक गेला, वाट जोरात वळली, आणि गाडी मागून बसली.

धक्का नव्हता. कोणी सावकाश सीटवर टेकावं, तशी बसली. बर्फावर सरकणाऱ्या पुढच्या पट्ट्या हलक्या झाल्या, हँडल सैल पडलं. मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज जाडसर झाला आणि आरपीएम पाचशेनं खाली आले. मघाशी बसवलेल्या नव्या क्लचवर.

मी थांबलो. इंजिन बंद केलं. धुक्यात एक शांतता असते, कानात कापूस घातल्यासारखी. ओल्या लोकरीचा वास येत होता. मी अंगातलं जॅकेट हुंगलं. ते नायलॉनचं होतं.

खाली उतरून गाडीमागे गुडघ्यावर बसलो, मोजपट्टी लावली. गाडीवर कोणी नव्हतं. दांडा एवढा आत गेला होता की रिकाम्या गाडीची रेघ दिसतच नव्हती. पट्टीवर आकडा आला साडेआठ. बर्फ अडकला असेल म्हणून मी हात घालून पाहिलं. सगळं स्वच्छ होतं. पुन्हा मोजलं. साडेआठ.

"उत्कर्ष..." वॉकीटॉकी खरखरला. "मोजलंस?"

"हो."

"किती?"

"साडेआठ." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "दत्ता, मी गाडीवर नाहीये... मी खाली उतरलोय."

वॉकीटॉकी नुसता खरखरत राहिला. मला वाटलं संपर्क तुटला. मग हुंदका दाबल्यासारखा आवाज आला. "म्हणजे मला भास होत नव्हता..."

मी काही विचारणार, तेवढ्यात दांडा हलला. माझ्या नजरेसमोर, पट्टी तशीच धरलेली असताना, तो अजून अर्धा सेंटीमीटर आत सरकला आणि सीटचं कातडं कुरकुरलं. गाडीची उजवी बाजू, माझ्या डोक्यावरची, किंचित खाली आली. मी खाली काय करतोय ते बघायला कोणी वाकावं, तशी.

मी मागे बर्फात पडलो. किती वेळ पडून होतो सांगता येणार नाही. पायी जावं म्हटलं, तर दोन पावलांवरचा लाल दांडाही आता दिसत नव्हता, आणि एका बाजूला दरी होती. खाली पोचायला ती गाडीच हवी होती. त्या सीटवर, त्या मागच्या जागेकडे पाठ करून बसणं, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम. मी बसलो. इंजिन चालू केलं. गाडी सुटली तसं माझं जॅकेट डाव्या कमरेपाशी आवळलं गेलं. मुठीत धरावं तसं. पुढच्या दीड किलोमीटरमध्ये ती मूठ एकदाही सुटली नाही.

शेडचा दिवा दिसला तेव्हा ती सुटली. गाडी मागून उचलली गेली. मी उतरलो.

दत्तानं मला धरून बाकावर बसवलं. मग तो माझ्यासमोर जमिनीवरच बसला.

"गेल्या मार्चमध्ये," तो म्हणाला, "एक बाई वर अडकली होती. इंग्रिड नाव. साठीची असेल. गुडघा दुखावला होता. असंच धुकं होतं. मी तिला मागे बसवलं, मला घट्ट धरायला सांगितलं आणि खाली आणलं. इथे, या दारात थांबलो. मागे वळलो तर सीट रिकामी."

"पडली?"

"त्या खडकाच्या वळणावर. डोकं आपटलं. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेली. सगळ्यांनी एकच विचारलं, दत्ता, मागचं वजन गेलेलं तुला कळलं कसं नाही? मी म्हणालो, लक्षात आलं नाही." त्यानं माझा हात पकडला. "खोटं बोललो मी. वजन गेलंच नव्हतं रे... इथपर्यंत तिनं माझं जॅकेट धरलेलं होतं. डाव्या बाजूनं."

मी त्याच्यावर ओरडलो. मला न सांगता वर का पाठवलंस म्हणून जे तोंडाला येईल ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"सांगितलं असतं तर तुला माझ्यासारखंच वाटलं असतं," तो म्हणाला. "मला मोजलेलं हवं होतं. मी तिला पाडलं आणि वरून वेडाही झालो, असं मानून अकरा महिने जगलोय."

पुढच्या आठवड्यात दत्तानं पथकाला सगळं लिहून दिलं आणि काम सोडलं. कोणी हसलं नाही, कोणी विश्वासही ठेवला नाही. इंग्रिडच्या मुलीला तो स्वतः जाऊन भेटला. आता त्याला झोप लागते म्हणतो. फोनवर आवाज मोकळा येतो. गाडीही म्हणे आता छान चालते, उतरतानासुद्धा. माझ्या क्लचचं कौतुक होतं.

एक गोष्ट मात्र मी दत्ताला सांगितलेली नाही, आणि सांगणारही नाही.

त्या संध्याकाळी मी तिथून निघालो तो थेट ऑटोबानला, मोठ्या हमरस्त्याला लागलो. माझ्या कारमध्ये मी एकटाच होतो. मागच्या सीटवर पिशवीसुद्धा नव्हती. रॉटवाइलच्या पुढे समोरच्या पडद्यावर एक लहानसं हिरवं चित्र उजळलं. मागच्या सीटवरच्या माणसानं पट्टा लावला की उजळतं, ते.

पुढचा पार्किंगचा थांबा येईपर्यंत मी आरशात पाहिलं नाही. थांबलो, आतला दिवा लावला, आणि मग वळलो.

उजव्या बाजूचा पट्टा ओढून खटक्यात नीट बसवलेला होता. सीटवर कोणी नव्हतं. पण पट्टा सीटला टेकलेला नव्हता. तो सीटपासून वीतभर पुढे, हवेत ताणून होता, आणि हळूहळू पुढे-मागे होत होता.